सुईची जवारी

चादरीतले दोरे उपसत बसणं हे चांगलं लक्षण नाही, असं डॉक्टर सबनीसबाईंनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या ॲप्रनच्या खिशात तसलेच सतरा दोरे होते.

ते मी का जमवले होते, कोण जाणे. पेशंट काही विचित्र वागला की मला गप्प बसवत नाही. बारा वर्षं नर्स होते, पंधरा वर्षं सुया टोचतेय, पण ही खोड काही गेली नाही. सासूबाई म्हणायच्या, "रूथ, तू नरकात गेलीस तरी आधी कढई कशाची आहे ते विचारशील." विचारीन की. त्यात काय?

तर हे दोरे मीरासाहेबांचे. मिरजेत तंबोरे करणारी जी घरं उरली आहेत, त्यातलं एक त्यांचं. वय अडुसष्ट. पावसाळा संपता संपता एका सकाळी कानस हातात असतानाच त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. पाय हळूहळू सुधारला. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, "न्हाई." चहा हवा का विचारलं तरी "न्हाई", आणि मग कप पुढे ओढून सगळा चहा पिणार. त्यामुळे त्यांच्या नकाराला दवाखान्यात कुणी नकार म्हणून धरत नव्हतं.

आमच्याकडे २०३९ साली सुईचं नवीन मशीन आलं होतं. त्याआधी डॉक्टर लोक आम्हा अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांकडे बघून गालात हसायचे, आणि खरं सांगायचं तर कधी कधी माझी मीच हसायची. शरीरात जीवनशक्तीच्या वाटा असतात असं आम्हाला शिकवलं होतं. त्या वाटा आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की ठरावीक जागी सुई गेली की आतलं मांस तिला धरून ठेवतं, ओल्या कापडात दोरा अडावा तसं. ते माझ्या चिमटीला कळतं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक तशी जागा आहे, कोपराच्या घडीत एक, मनगटाच्या वर दोन.

मशीनची गंमत अशी. झटक्यात मेंदूचा एक तुकडा मरतो. हात मात्र धडधाकट असतो. पेशंट मनात म्हणतो, "वळ मूठ," आणि तो हुकूम आजूबाजूच्या पेशींतून कसाबसा वाट काढत निघतो, पण खाली पोचेपर्यंत इतका बारीक होतो की स्नायू हलत नाही. मेंदूला उलट काहीच कळत नाही. हाका मारून मारून माणूस दमतो तसा मग मेंदूही हुकूम काढायचं सोडून देतो. आमच्या सुया पोकळ, केसाएवढ्या. त्या हुकमाची चाहूल ऐकतात, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तिथेच विजेची एक टिचकी देऊन वर कळवतात, "पोचलं." हाकेला अशी वेळेत ओ मिळत गेली तर मेंदू नवी वाट पक्की करतो. हे सगळं पहिल्या तीनेक महिन्यांत जोरात होतं, पुढे मंदावतं.

सुईला जे ऐकू येतं ते मशीन आवाजात वाजवून दाखवतं, म्हणजे पेशंटलाही कळावं की आपण हाक मारतोय. आवाज मोठा गोड होता, लांब धरलेल्या बासरीसारखा.

मशीन एकच आणि रांगेत अकरा जण. म्हणून नियम ठरलेला होता. सहा आठवडे, बारा सेशन. बाराव्यालाही बोट हललं नाही तर नाव कमी करायचं.

मीरासाहेबांची दहा झाली होती. बोट ढिम्म. मशीन सुरू झालं की भातात खडा लागल्यासारखं तोंड करायचे. मग डाव्या हाताने चादरीतून एक दोरा ओढून काढायचे, बोटांत मळायचे, आणि मशीनच्या स्पीकरकडे धरून "न्हाई, न्हाई" करायचे. मी दोरा काढून घेतला की माझं मनगट धरायचे. डोळ्यांत पाणी असायचं. पहिले काही दोरे मी टोपलीत टाकले आणि नंतर खिशात टाकायला लागले.

"मेंदू गोंधळला की पेशंट असे चाळे करत बसतात," सबनीसबाई म्हणाल्या. मशीनची सगळी चाचणी त्यांच्या देखरेखीखाली होती. बाई कडक, पण निर्दय नव्हत्या. "अजून दोन सेशन बघू, रूथ. मग मला पुढच्याला घ्यावं लागेल. तोही कुणाचा तरी बाप आहे."

मला राग आला, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

* * *

मीरासाहेबांची मुलगी तस्लीम रोज दुपारी डबा घेऊन यायची. चाळिशीला टेकलेली, हाताला कायम पॉलिशचा वास. सेशनच्या वेळी घरच्यांना आत सोडत नाहीत, बोलण्याने सुईच्या ऐकण्यात अडथळा येतो म्हणून. त्यामुळे आत काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी तिला व्हरांड्यात बसवलं आणि खिसा तिच्या ओढणीवर रिकामा केला. "हे बघ तुझ्या वडिलांचे उद्योग."

मला वाटलं, रडेल. तिने एक दोरा उचलला, उजेडात धरला. दुसरा उचलला.

"रूथताई, हे नुसतं उपसलेलं न्हाई. पीळ काढलाय बघा. एकेरी केलाय दोरा." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "आत काय वाजतं का?"

"मशीन वाजतं की."

"कसं?"

मी जमेल तसं गुणगुणून दाखवलं. माझा आवाज चर्चमध्येही मला मागच्या बाकावर बसवतात असला. पण ती डोळे मिटून ऐकत होती.

"असंच? गुळगुळीत? त्याला कड न्हाई काय?"

"कड म्हणजे?"

"तुमची ड्युटी कधी संपते?" तिने विचारलं. "दुकानात चला. सांगून कळायचं न्हाई."

* * *

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर टांगलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा. एका भिंतीला तयार तंबोरे ओळीने उभे, सगळ्यांना कापडी गवसण्या. कोपऱ्यात एक मात्र उघडाच उभा होता आणि त्याच्यावर बोटभर धूळ होती.

तस्लीमने एक कोरा तंबोरा मांडीवर घेतला आणि तारा छेडल्या. सूर बरोबर होता, पण मला तो जरा मुका वाटला. मग तिने माझ्या त्या सतरांतला एक दोरा घेतला आणि जिच्यावर तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवला. छेडत राहिली आणि दोरा केसभर पुढे, केसभर मागे. मध्येच कुठेतरी तार बोलायला लागली. तीच तार, तोच सूर, पण त्यातून झणझणतं असं काहीतरी पसरत गेलं, आणि खोलीतले सगळे भोपळे ऐकायला लागल्यासारखे मला वाटले. माझ्या हातावर काटा आला.

"ही जवारी," ती म्हणाली. "घोडी कानशीनं घासून अशी करायची की तार तिला जरा जरा लागत राहील. त्या लागण्यानंच सूर उघडतो. मग दोऱ्यानं नेमकी जागा धरायची. हात स्वच्छ, लाकूड स्वच्छ, सगळं स्वच्छ केलं आणि जवारी न्हाई काढली, तर तंबोरा मुका."

"म्हणजे चाचा आमच्या मशीनला…"

"मशीनची जवारी काढा म्हणतायत. पाच आठवडे झाले म्हणतायत." ती हसली आणि मग ओढणीने डोळे पुसले. "आणि तुम्ही दोरा काढून घेता!"

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. विषय बदलावा म्हणून मी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट केलं. "त्याला गवसणी नाही का?"

"तो माझा आहे. सहा वर्षं झाली." ती तारा पुसत राहिली. "जवारी पास झाल्याशिवाय गवसणी घालायची न्हाई, असं आमच्यात आहे. भोपळा, दांडी, रंग, तारा, सगळं मी करते. जवारी अब्बाच काढणार. या एकाची मी काढली होती. त्यांनी ऐकली, म्हणाले, कान तयार न्हाई अजून. तेव्हापासून उभा आहे."

"वाईट वाजतो?"

"मला तर बरा वाजतो," ती म्हणाली, "पण माझाच कान ना तो."

* * *

मशीन ज्याने बांधलं तो खोत म्हणून इंजिनियर होता, पुण्याहून आलेला. त्याला मी दोऱ्याचं सांगितलं तेव्हा तो आधी दुखावला.

"आवले मॅडम…"

"आवळे."

"आवळे मॅडम, तो आवाज स्वच्छ करायला मला तीन वर्षं लागली आहेत. मज्जातंतूच्या आसपास नुसता गोंगाट असतो. स्नायूंची खरखर, हृदयाचे ठोके, भिंतीतली वीज. तो सगळा गाळला तेव्हा कुठे…" आणि तो बोलता बोलता थांबला. खुर्चीवर बसला. मग दाढी खाजवत म्हणाला, "पण गाळायला नको होता. निदान सगळा नाही."

मी म्हटलं, मला समजेल असं सांग.

"काठोकाठ भरायला दोन बोटं कमी असलेली बादली धरा. आत बारीक लाट आहे, पण ती काठापर्यंत पोचत नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळणारच नाही की लाट आहे. आता बादली जरा हलवत ठेवा. लाट वर असताना हिंदकळलं की पाणी सांडेल, लाट खाली असताना नाही. म्हणजे सांडण्यावरून लाट ओळखता येईल. चाचांचा हुकूम म्हणजे ती लाट. आपण बादली अगदी स्थिर करून ठेवली आहे. सुईतून थोडी खरखर परत आत सोडली तर हुकूम काठ ओलांडेल, आपल्यालाही कळेल आणि त्यांच्या नसांनाही." तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "हे जुनंच शास्त्र आहे हो. मी कॉलेजात शिकलोय. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"किती हलवायची बादली?"

"तिथेच गाडं अडतं. कमी हलवली तर काही नाही, जास्त हलवली तर सगळंच सांडतं. प्रत्येक हाताचं माप वेगळं, आणि पेशंट दमला की तेही बदलतं. कॉम्प्युटरला शोधायला लावलं तर तासभर घेईल, तोवर माप सरकलेलं असेल."

"तर मग कानाने शोधायचं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जुन्या स्पीकरचं एक गोल बटण शोधायला लागला.

सबनीसबाईंना पटवायला अर्धा दिवस गेला. शेवटी त्यांनी खरखरीला सुरक्षित मर्यादेचं कुलूप घालून घेतलं आणि सही केली. "हे चाललं तर मला समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "नाही चाललं तर कुणालाच सांगू नका."

अकराव्या सेशनला बटण आम्ही मीरासाहेबांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तिकडे बघेना, सुयांकडे बघत बसले. त्यांनी बटण फिरवलं. आवाजात खरखर आली, वाढली, पण सूर मात्र विझत गेला. पुन्हा फिरवलं. पुन्हा विझला. पाऊण तास ते झगडत राहिले आणि घामाघूम झाले.

खोतने पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. मेंदूचे दोन अर्धे भाग एकमेकांना दाबून धरतात. चांगला डावा हात कामाला लागला की आजारी उजव्याचा हुकूम विझतो. चाचा जितक्या आशेने बटण फिरवत होते तितकी त्यांची हाक क्षीण होत होती.

"बटण दुसऱ्या कुणीतरी फिरवायला हवं," खोत म्हणाला. "चाचांनी फक्त उजव्या हाताचा विचार करायचा."

दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

* * *

"मला जमायचं न्हाई," तस्लीम म्हणाली.

"एकच सेशन उरलंय."

"म्हणूनच म्हणते. माझा कान तयार न्हाई, रूथताई. जागा चुकली तर हात जाईल त्यांचा. मग मी घरात त्यांना तोंड कसं दाखवू?"

मला तिला धीर द्यायला हवा होता. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तुझा कान तयार नाही, हे कोण म्हणालं? ज्यांना आता 'न्हाई' सोडून काही म्हणताच येत नाही ते?"

आता ही थोबाडीत देते, असं मला वाटलं. पण ती उठली, आत गेली आणि हात साबणाने धुऊन आली.

सुया मी टोचल्या. चारही जागी मांसाने धरल्या. मशीन सुरू झालं आणि तोच तो गोड, गुळगुळीत सूर यायला लागला.

"चाचा," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "हातात कानस आहे. समोर घोडी आहे. मनात घासा. डावा हात गप्प."

त्यांनी डोळे मिटले. सूर किंचित हलला, म्हणजे ते घासायला लागले होते. तस्लीमने बटणाला हात लावला. तिने बटण सावकाश फिरवलं. सुरात खरखर आली, पसरली, आणि पुढे नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू यायला लागली. ती मागे आली. पुन्हा पुढे. पहिल्यापेक्षा कमी. पुन्हा मागे. घोडीवर दोरा सरकवताना पाहिली होती, तशीच ती आता पुढे झुकली होती आणि तोंड अर्धवट उघडं होतं.

एका जागी सूर उघडला.

मी संगीतातलं काही जाणत नाही, पण ते मलाही कळलं. बासरी गेली आणि तिथे कुणीतरी बोलायला लागलं.

मीरासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "न्हाई," ते म्हणाले.

तस्लीम दचकली. तिने बटण केसभर पुढे नेलं, वडिलांच्या पसंतीच्या जवारीकडे, जास्त खुल्या. सूर झणाणला आणि फाटला. "न्हाई," ते पुन्हा म्हणाले. घड्याळात बारा मिनिटं उरली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. दाराशी सबनीसबाई वही छातीशी धरून उभ्या होत्या.

मग तस्लीमने वडिलांच्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं. डोळे मिटले आणि बटण मागे आणलं, आधी सूर उघडला होता त्या जागेच्याही अगदी किंचित अलीकडे. तिथे तो गोल झाला. उघडा, पण शांत. कोपऱ्यातला तो धुळकट तंबोरा असाच वाजत असणार, असं मला का कोण जाणे वाटलं.

"न्हाई," मीरासाहेब म्हणाले.

तस्लीमने हात काढून घेतला. "मला हीच जागा बरोबर वाटते, अब्बा," ती म्हणाली. "घासा."

सूर येत राहिला, जात राहिला, कानशीच्या फेऱ्यांसारखा. मिनिट गेलं, दोन गेली. खोत श्वास घ्यायचा विसरला होता बहुतेक. आणि मग मीरासाहेबांची तर्जनी अंगठ्याच्या दिशेने सरकली. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. परत मागे गेली. पुन्हा सरकली. प्रत्येक फेरीला सरकत राहिली.

त्यांनी डोळे उघडले आणि बोटाकडे पाहिलं. नंतर मुलीकडे पाहिलं. तोंड उघडलं, तो एकुलता एक शब्द ओठांवर आला, आणि त्यांनी तो गिळला. बोट मात्र हलतच होतं. सहा वर्षांपूर्वी जो होकार त्यांनी दिला नव्हता, तो त्यांचं स्वतःचं बोट आमच्या सगळ्यांसमोर देत होतं, आणि त्याला आवरणं त्यांच्या हातात नव्हतं.

सबनीसबाई पुढे आल्या आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

* * *

आता मंगळवारी आणि शुक्रवारी तस्लीम दवाखान्यात येते. तिच्या कामाला दवाखान्याच्या यादीत नावच नव्हतं, शेवटी तंत्रज्ञ म्हणून लावलं. रांगेतल्या अकरांपैकी सहा जणांची बोटं हलली. उरलेल्या पाचांची का नाही, ते खोतला ठाऊक नाही, मलाही नाही. सुई धरली जाते, सूर उघडतो, आणि तरी काही होत नाही. मी रोज त्याचा विचार करते. कढई कशाची आहे ते अजून कळलेलं नाही.

मीरासाहेबांचा हात परत आला, पण सगळा नाही. चमचा धरतात, सदऱ्याची बटणं लावतात, तारा छेडतात. कानस मात्र हातातून निसटते आणि आता निसटणारच, हे त्यांनाही सांगून झालंय. शब्द पाच-सहा आले आहेत. दुकानात आता ते तारा छेडतात आणि तस्लीम घासते. जे काम एकट्याचं होतं ते दोघांत चालतं आणि भांडणंही भरपूर होतात, निम्मी खुणांनी.

गेल्या रविवारी प्रार्थना आटोपून मी तिकडे डोकावले. तस्लीम बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होती. आत मीरासाहेब कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. तो उघडा तंबोरा त्यांनी पुढ्यात घेतला होता. धूळ पुसलेली होती. त्याच्यावर नवी कोरी गवसणी चढवली होती, आणि तिची नाडी ते उजव्या हाताने बांधू बघत होते. गाठ सुटायची, पुन्हा धरायचे. मी मदतीला वाकले.

"न्हाई," ते म्हणाले.

या वेळी मी तो नकार नकार म्हणूनच धरला आणि स्टुलावर बसून राहिले. गाठ बसायला वीस मिनिटं लागली. मग त्यांनी तंबोरा भिंतीपर्यंत ओढत नेला आणि बाकीच्यांच्या ओळीत उभा केला.